बोर्डावर नाही म्हणजे झालं

१

सकाळची उभी मीटिंग सुरू होऊन पाच मिनिटं झाली होती. तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. हातात कापडी पिशवी होती. आत येऊ का, असं तिने विचारलं नाही. सरळ टेबलापाशी आली, पिशवीतून पांढरी डबी काढली, डबीचा पट्टा काढला, नीट गुंडाळलेली वायर काढली आणि तिन्ही वस्तू ओळीने मांडल्या.

"आई गेली," ती म्हणाली. "शनिवारी पहाटे. झोपेत."

खोलीत पाच माणसं होती.

ती डबी त्यांनीच बनवलेली होती. आजारी माणसाने झोपताना पट्टा छातीला बांधायचा आणि डबी उशाशी ठेवायची. श्वास पंधरा सेकंद थांबला की डबी ओरडते आणि घरचे धावत येतात. अशा दहा डब्या त्यांनी दहा घरांत वापरून बघायला दिल्या होत्या. आधी थोडं बनवायचं, खऱ्या माणसांच्या हाती द्यायचं, त्यांच्याकडून शिकायचं आणि मग पुढचं बनवायचं, अशी त्यांची कामाची रीत होती. ही दहातली एक.

"मी त्याच खोलीत झोपले होते," बाई सांगू लागली. "हात लांब केला असता तर आईला लागला असता. सकाळी उठले तर सगळं रोजच्यासारखं. हिरवा दिवासुद्धा. चहा टाकला, मग हाक मारली." तिने डबीकडे बोट केलं. "मला एवढंच सांगा. हे वाजलं होतं का? वाजलं आणि मी झोपून राहिले, की वाजलंच नाही?"

तिचा आवाज चढला नव्हता, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली. भांडायला आलेल्या माणसाची समजूत घालता येते.

या कामाची मालकीण होती अक्का. तिने बाईला बसायला सांगितलं, पाणी दिलं आणि आम्ही यंत्र तपासून सांगतो असं म्हणाली. संध्याकाळी सहाला येते, असं सांगून बाई निघून गेली.

टेबलाच्या टोकाला घड्याळकाका उभे होते. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली होती. आता इथे त्यांचं काम म्हणजे दुसऱ्यांनी बनवलेलं बिघडवून बघायचं. त्यांची नजर डबीच्या पट्ट्यावर गेली. पट्ट्याचं एक टोक शिवलेलं नव्हतं. फुलाफुलांच्या कापडाची चिंधी घेऊन ते गाठ मारून बांधलं होतं.

काकांचं मन मात्र पट्ट्यावर नव्हतं. बाईने विचारलेला प्रश्न ते स्वतःला चौदा महिने रोज विचारत होते. त्यांची बायकोही अशीच त्यांच्या शेजारी झोपेत गेली. त्यांना जाग आली नाही. सकाळी उठून त्यांनी घड्याळाला चावी दिली, तोंड धुतलं आणि मग हाक मारली.

२

काकांच्या टेबलावर एक भाता होता. रबरी पिशवी आणि तिच्यात हवा भरणारी छोटी मोटर. पट्टा त्याच्याभोवती बांधला की भाता माणसासारखा श्वास घेई. मोटर थांबवली की श्वास थांबला.

गेलेल्या आजींचा पट्टा त्यांनी भात्याला बांधला, वायर लावली, भाता चालू केला. डबीवर हिरवा दिवा लागला. मोटर बंद केली आणि सगळे मनातल्या मनात मोजू लागले. पंधरा झाले आणि डबी अशी किंचाळली की डब्या घरोघर बसवणाऱ्या फिरतीवाल्या ताईने कानावर हात ठेवले. दिवा लाल झाला. आवाज तीन मिनिटांनी आपोआप थांबे, पण लाल दिवा कुणीतरी येऊन बटण दाबेपर्यंत तसाच राही. सगळ्यांना शिस्त लावतो म्हणून ज्याला हवालदार म्हणत, त्याने बटण दाबलं. दिवा पुन्हा हिरवा झाला.

बारा वेळा करून बघितलं. बाराही वेळा डबी ओरडली.

अक्का खुर्चीत बसली. कितीतरी वेळाने तिने श्वास सोडला असावा. "म्हणजे वाजलं असणार," ती हळूच म्हणाली. "दमलेली बाई. गाढ झोप लागली असेल."

सगळ्यांचे खांदे खाली आले. संध्याकाळी बाईला काय सांगायचं ते जवळजवळ ठरलं होतं. यंत्र बरोबर आहे. तुम्हालाच जाग आली नाही.

काकांनी भाता बाजूला सारला. उरलेल्या नऊ घरांना लगेच फोन करा, डब्यांवर विसंबू नका म्हणून सांगा, असं ते म्हणाले. अक्काने नकारार्थी मान हलवली. बारा वेळा वाजलेलं यंत्र, आणि कशासाठी घाबरवायचं नऊ घरांना? त्यांचा आधार काढून घ्यायचा? काही ठोस कारण असेल तर सांगा.

"कारण आहे," काका म्हणाले. "मी लाल कार्ड लावलं होतं."

तसं या पाच जणांचं सगळं काम भिंतीवरच्या एका बोर्डावर चाले. बोर्डाचे चार रकाने होते: करायचं, चालू, तपासायचं, झालं. एक काम म्हणजे एक पिवळं कार्ड, एका टाचणीने लावलेलं. काम पुढे गेलं की कार्ड पुढच्या रकान्यात जाई, आणि ते हलवायचं ज्याचं काम त्यानेच. यंत्रात दोष सापडला तर मात्र लाल कार्ड. लाल लागलं की सगळ्यांनी हातातलं काम खाली ठेवून त्यापाशी जमायचं, दोष निघेपर्यंत दुसरं काही नाही. आणि एक गोष्ट एकाच जागी लिहायची, वह्याबिह्या नकोत. काकांची चाळीस वर्षांची वही लिहायची सवय त्यांनी इथेच मोडली होती.

तीन आठवड्यांपूर्वी, मंगळवारी संध्याकाळी, काकांना यंत्रात काहीतरी सापडलं होतं. त्या दिवशी त्यांनी चाळीस वेगवेगळ्या तऱ्हांनी यंत्राला छळलं होतं. अंगात ताप होता. दिवा हिरवा, आणि भाता थांबला तरी आवाज नाही. हे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. त्यांनी लाल कार्ड लिहिलं, लावलं आणि घरी जाऊन चार दिवस अंथरुणात पडले. सोमवारी आले तर बोर्डावर लाल काही नव्हतं. दोष निघाला असेल असं समजून ते कामाला लागले. बोर्डावर नाही म्हणजे झालं, असं इथे सगळेच मानत.

त्या चाळीसांतली कुठली तऱ्हा होती, हे त्यांना आता आठवत नव्हतं.

अक्का म्हणाली, लाल कार्ड मी पाहिलं नाही. डबीचा प्रोग्राम लिहिणाऱ्या मौनीने नकारार्थी मान हलवली. फिरतीवाली ताई त्या आठवड्यात बाहेरच होती. हवालदार त्यांच्याजवळ आला आणि खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "काका, तुम्हाला ताप होता ना?"

तो प्रेमाने बोलला होता. पण काकांना घरच्या गोष्टी आठवल्या. बायको होती तेव्हा चष्मा कुठे, किल्ली कुठे, औषध घेतलं का, हे सगळं तिला ठाऊक असे. ती गेल्यापासून त्यांनी दोनदा दूध उतू घालवलं होतं आणि एकदा दार उघडं टाकून बाजारात गेले होते.

कार्ड त्यांनी लिहिलंच नसेल तर?

३

संध्याकाळपर्यंत वेळ होता. काकांनी घड्याळ उघडतात तसंच करायचं ठरवलं. वरचा स्क्रू आधी, आतल्या चाकाला घाईने हात लावायचा नाही.

पहिल्यांदा ते मौनीकडे गेले. डबीच्या आतलं सगळं डोकं मौनीने लिहिलं होतं. दिवसाला दहा वाक्यं बोलला तर तो स्वतःच दचके. दोष निघाला असता तर बोट त्याच्याकडेच गेलं असतं, तेव्हा कार्ड लपवायला सगळ्यात मोठं कारण त्याच्याजवळच होतं. काकांनी तसं तोंडावर सांगितलं. आडपडदा ठेवायचं वय राहिलं नव्हतं.

मौनी रागावला नाही. लाल कार्ड लागलं असतं तर मला बरंच वाटलं असतं, तो म्हणाला, सगळे गप्प बसतात आणि मला विचार करता येतो. डबीला आठवण ठेवायची सोय केली आहे का, असं काकांनी विचारलं. नाही, ते काम अजून 'करायचं'मध्येच आहे. शनिवारी पहाटे काय झालं, ते डबी सांगू शकणार नव्हती.

काका उठले तेव्हा मौनी पाठीमागून म्हणाला, "त्या बुधवारी भाता चालू होता."

काका वळले. मौनीने सांगितलं, तुम्ही ताप म्हणून आला नव्हतात त्या बुधवारी मी सकाळी आलो, तर तुमच्या टेबलावर भाता श्वास घेत होता. खोलीत कुणी नव्हतं. मला कसंसंच वाटलं, म्हणून बंद केला. वाटलं, तुम्हीच आदल्या दिवशी विसरला असाल.

भाता काका कधी चालू ठेवून जात नसत. चालू भाता सोडून जायचं म्हणजे माणसाला एकटं टाकून गेल्यासारखं त्यांना वाटे. ते हसण्यासारखं होतं म्हणून त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं, पण घरी निघताना त्यांचा हात मोटरच्या बटणावरून एकदा तरी फिरेच.

म्हणजे मंगळवारी रात्रीपासून बुधवारी सकाळपर्यंत कुणीतरी भाता लावून यंत्र तपासलं होतं. त्यांच्याखेरीज भात्याला कुणी हात लावत नसे. मग त्या दिवशी कुणाला का तपासावंसं वाटलं? कार्ड वाचल्याशिवाय?

कार्ड होतं. काकांचे डोळे भरून आले. ते त्यांनी रुमालाने पुसले आणि सर्दी झाल्याचं सोंग केलं.

ती खुशी जिन्याची एक पायरी उतरेपर्यंतही टिकली नाही. कार्ड होतं म्हणजे कुणीतरी ते वाचलं होतं. आणि सकाळी, बाई समोर उभी असताना, या पाचांतलंच कुणीतरी तोंडावर खोटं बोललं होतं.

४

फिरतीवाली ताई घराघरांत जाऊन डब्या बसवी आणि माणसांशी बोलून येई. पट्टे शिवायचं कामही तिचंच. ती खिडकीशी बसून रडत होती. आजींनी तिला पापड दाखवावेत तसे आपले जुने फोटो दाखवले होते, असं सांगता सांगता तिला हसू आलं आणि पुन्हा रडू आलं.

काकांनी त्या चिंधीबद्दल विचारलं. ताई लाजली. दहा पट्ट्यांपैकी दोन शिवून व्हायचे राहिले होते. शुक्रवारी डब्या घरोघर न्यायच्या होत्या, म्हणून तिने आपल्या जुन्या ओढणीची चिंधी फाडून गाठी मारल्या.

"मग सोमवारी 'पट्टे शिवणे' हे कार्ड बोर्डावर कसं नव्हतं?" काकांनी विचारलं.

"मी नाही हलवलं, काका. मी तर मंगळवारपासून बाहेर होते. शुक्रवारी आले तर बोर्ड कोरा. मला वाटलं, गुरुवारच्या डेमोनंतर हवालदाराने सगळीच कार्डं काढली असतील."

दर पंधरवड्याला गुरुवारी डेमो असे. बाहेरची माणसं येत आणि काय झालं ते बघून जात. त्या गुरुवारी मोठ्या दवाखान्याची माणसं आली होती. बोर्डावर लाल कार्ड असतं तर डेमो झालाच नसता, आणि डब्या घरांत गेल्याच नसत्या.

आता हवालदार. बोर्ड त्याच्या ताब्यात. टाचणी तिरकी लागली तरी तो मीटिंग थांबवी. मौनीच्या वाकड्या कार्डावरून तो एकदा सात मिनिटं बोलला होता. काकांनाही दोनदा बोलणी खावी लागली होती. तो अक्काचा धाकटा भाऊ. घरी तिचं ऐकायची सवय असल्यामुळे इथे बाकीच्यांना ऐकवायची हौस तो भागवून घेतो, असं ताई म्हणे.

रोज सकाळी नऊला तो बोर्डाचा फोटो काढून ठेवी. त्या आठवड्याचे फोटो दाखव, असं काकांनी सांगितलं. त्याने टॅबलेट पुढे केला. मात्र देताना त्याचा हात जरा थांबला. काकांची नजर बारीक कामात मुरलेली, त्यांना ते दिसलं.

बुधवारचा फोटो. लाल कुठेच नाही. 'चालू'मध्ये तीन पिवळी कार्डं. काकांनी बोटांनी फोटो मोठा केला. पहिल्या कार्डाला एक टाचणी. दुसऱ्याला एक. तिसरं कार्ड 'पट्टे शिवणे'.

त्याला दोन टाचण्या होत्या.

गुरुवारचा फोटो. 'पट्टे शिवणे' आता 'झालं'मध्ये, आणि तिथेही दोन टाचण्यांनी. साऱ्या बोर्डावर दोन टाचण्यांचं दुसरं कार्ड नव्हतं.

एका टाचणीवर एक कार्ड सरळ लटकतं. एकामागे दुसरं असेल तर मागचं फिरतं आणि त्याचा कोपरा बाहेर डोकावतो. तो डोकावू नये असं वाटलं तर दुसरी टाचणी लागते.

"हे तुला दिसलं नाही?" काकांनी विचारलं.

हवालदार बोर्डाकडे बघत राहिला. जन्मात पहिल्यांदा त्याला नियम आठवत नव्हता.

५

'झालं'मधली कार्डं डेमोनंतर पाकिटात जात आणि पाकिटं एका पत्र्याच्या डब्यात. डबा हवालदाराच्या कपाटात असे. मागायच्या आधीच त्याने तो काढून टेबलावर ठेवला आणि बाजूला झाला. पाकीट काकांनी उघडलं. बाकीचेही येऊन उभे राहिले होते. साडेचार वाजले होते.

अकरा पिवळी कार्डं. 'पट्टे शिवणे' हातात घेतलं तेव्हा ते जाड लागलं. पाकिटात दाबून दोन्ही कार्डं एकमेकांना चिकटली होती. काकांनी नखाने कड सोडवली.

मागे लाल कार्ड होतं. अक्षर त्यांचंच, तापामुळे जरा वाकडं.

'डबीची वायर भिंतीतून काढून परत लावली. दिवा हिरवा. भाता थांबवला, आवाज नाही. दहा वेळा केलं, तीन वेळा असं झालं. दिवा खोटं बोलतो.'

मौनी आजींच्या डबीपाशी गेला आणि वायर हातात घेतली. काकांनी भाता चालू केला.

पहिल्यांदा वायर काढली, लावली, भाता थांबवला. पंधरा. डबी ओरडली. दुसऱ्यांदा ओरडली. तिसऱ्यांदाही. ताई देवाचं नाव घेत होती.

चौथ्यांदा मौनीने वायर काढली, लावली. दिवा हिरवा झाला, छान, स्वच्छ हिरवा. काकांनी मोटर थांबवली. रबरी पिशवी खाली बसली.

पंधरा झाले. वीस झाले. तीस. खोलीत कुणाचाही श्वास ऐकू येत नव्हता. पिशवी चपटी पडून होती आणि तिच्या उशाशी हिरवा दिवा शांतपणे जळत होता. काका साठपर्यंत मोजत राहिले. मग त्यांना पुढे मोजवेना.

तेव्हा त्यांना सकाळचं आठवलं. बाई म्हणाली होती, सकाळी उठले तर सगळं रोजच्यासारखं, हिरवा दिवासुद्धा.

डबी वाजून गेली असती तर दिवा लाल राहिला असता, कुणी बटण दाबेपर्यंत. त्या घरात दुसरं कुणी नव्हतं. आई श्वास घेत नव्हती आणि दिवा हिरवा होता. डबी वाजली नव्हतीच. बाईने हे आल्या आल्या सांगितलं होतं, आणि पाचांपैकी एकानेही तिच्याकडे बघितलं नव्हतं. सगळे डबीकडे बघत होते.

ताई फोनकडे धावली. नऊ घरं होती आणि उन्हं उतरायला लागली होती.

६

"आता राहिलं एकच," काका म्हणाले. "दुसरी टाचणी कुणाची?"

ते हवालदाराकडे वळले. त्यांनी त्याच्यावर आळ घेतला नाही. उलट बाजूने सांगत गेले. तू टाचणी तिरकी लागली तर मीटिंग थांबवतोस. मौनीला सोडत नाहीस, ताईला नाही, मला नाही. दोन टाचण्यांचं कार्ड दोन दिवस तुझ्या नाकासमोर होतं, तू त्याचा फोटो काढलास, आणि चकार शब्द बोलला नाहीस. ताईचं कार्ड ताई नसताना पुढे सरकलं, तरीही नाही. स्वतः लपवायचं असतं तर तू एका टाचणीतच काहीतरी जमवलं असतंस, तुझा हात दोनला गेलाच नसता. तेव्हा टाचणी तुझी नाही. पण ती कुणाची ते तुला कळलं, आणि त्या माणसाला विचारायची तुझी हिंमत झाली नाही.

"असं माणूस तुझ्यासाठी इथे एकच आहे," काका म्हणाले.

हवालदाराने वर बघितलं नाही. बघितलं ते अक्कानेच.

"त्याला काही बोलू नका," ती म्हणाली. "त्याने मागे काय आहे ते बघितलं नव्हतं."

मग तिने सांगितलं. बुधवारी ती सगळ्यांच्या आधी आली होती. भिंतीवर लाल कार्ड दिसलं. दुसऱ्या दिवशी दवाखान्याची माणसं येणार होती. तीन वर्षं ती त्या दिवसासाठी झटत होती. तिने स्वतः भाता लावून वायर काढली आणि लावली. तीनदा केलं. तिन्ही वेळा डबी ओरडली. म्हातारा माणूस, अंगात ताप, चुकून काहीतरी बघितलं असेल, असं तिने मनाला समजावलं. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भाता बंद करायचंही राहिलं. फक्त डेमोपुरतं, एका दिवसापुरतं, म्हणून लाल कार्ड 'पट्टे शिवणे'च्या मागे ढकललं, दुसरी टाचणी लावली आणि ती आतल्या खोलीत गेली. गुरुवारी सकाळी दवाखान्याची माणसं यायच्या आधी ते कार्ड 'झालं'मध्ये नेलं, कारण 'चालू'मधलं कार्ड पाहुणे हातात घेऊन बघतात. संध्याकाळी ती लाल परत काढणार होती. तोवर हवालदाराने पाकीट बंद केलं होतं.

"पाकीट उघडता आलं असतं," मौनी म्हणाला. त्याचं त्या दिवसाचं ते अकरावं वाक्य असेल.

"हो," अक्का म्हणाली. "सोमवारी काका आले. मला वाटलं, विचारतील. त्यांनी विचारलं असतं तर मी काढून दिलं असतं. ते काही बोलले नाहीत. मला वाटलं, त्यांनाच आठवत नाही, म्हणजे तसं काही नसेलच. मग बोर्डावर नव्हतं. आणि बोर्डावर नव्हतं म्हणजे..."

तिने बोर्डाकडे हात केला.

काकांना तिचा राग यायला हवा होता. आलाही. पण रागाखाली दुसरंच काही होतं. सोमवारी या खोलीत शिरताना त्यांना लाल कार्ड आठवलं होतं. एक वाक्य विचारायचं होतं, काय झालं त्याचं? त्यांनी कोऱ्या बोर्डाकडे बघितलं होतं आणि त्यांना बरं वाटलं होतं.

७

सहाला पाच मिनिटं कमी असताना बाई आली. मी सांगते, असं म्हणून अक्का उठली. काकांनी तिला थांबवलं. लाल कार्ड माझं होतं, ते म्हणाले, ते मलाच हलवू दे. अक्का त्यांच्या शेजारी उभी राहिली. पळाली नाही, एवढं तिच्या बाजूने सांगायला हवं.

काकांनी बाईला विचारलं, झोपायच्या आधी डबीची वायर कधी काढत होतात का?

"रोज," ती म्हणाली. "पलंगापाशी एकच प्लग आहे. आईचे पाय शेकायचं पाणी तापवायला किटली लावायचे. मग वायर परत लावायची. हिरवा दिवा बघितल्याशिवाय मी आडवी होत नव्हते." तिच्या चेहऱ्यावर काहीतरी सरकलं. "म्हणजे मी वायर काढली म्हणून?"

"नाही," काका म्हणाले. "तुम्ही दिवा बघितलात. हिरवा असेल तर झोपा, असं आम्हीच सांगितलं होतं. दिवा खोटं बोलला. डबी वाजलीच नाही, बाई. ती वाजली असती तर सकाळी दिवा लाल दिसला असता. तुम्ही गाढ झोपला होतात म्हणून आई गेली नाही."

मग त्यांनी लाल कार्ड तिच्यापुढे ठेवलं. हे आम्हाला आधी ठाऊक होतं, असं सांगितलं. कुणी लपवलं ते अक्काने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. आपण विचारलं नाही, हे काकांनी सांगितलं. बाईने कार्ड दोनदा वाचलं. आरडाओरडा केला नाही. कार्ड मी नेऊ का, एवढंच विचारलं, आणि ते पिशवीत ठेवलं. तुम्ही पुढे काय करायचं ते मी उद्या कळवीन, असं म्हणाली. दारात ती थांबली.

"तुमच्या घरी कोण असतं?" तिने काकांना विचारलं.

"आता कुणी नाही," काका म्हणाले.

तिने मान हलवली, जणू तिला हे आधीच कळलं होतं, आणि ती जिना उतरून गेली.

साडेसातपर्यंत ताई आणि मौनी आठ घरं फिरून आले. आठ डब्या टेबलावर ओळीने आल्या. आठही माणसं श्वास घेत होती. नववं घर नदीपलीकडचं, दोघं नवराबायको, दोघंही सत्तरीच्या पुढचे. फोन वाजत राहिला. ताई तिथे गेली तर दाराला कुलूप होतं आणि फोन आतच वाजत होता. शेजारीण म्हणाली, परवाच कुणा नातेवाइकाकडे गेलेत. कुठे ते माहीत नाही. ती पांढरी डबी मात्र आठवणीने बरोबर नेली. तिच्याशिवाय म्हाताऱ्याला झोप येत नाही.

काकांनी नवीन लाल कार्ड घेतलं. त्यावर नवव्या घराचा पत्ता लिहिला आणि एका टाचणीने 'चालू'मध्ये लावलं. हवालदाराने बाकीची सगळी कार्डं काढून ठेवली. त्यांनी दवाखान्यांत विचारलं, पोलिसांत कळवलं, दारात चिठ्ठी सरकवली, शेजारणीजवळ चार नंबर ठेवले.

नववी डबी अजून मिळालेली नाही.